दत्तोबांची शेवटची चढाई

माझ्या ब्लॉगला त्रेचाळीस वाचक आहेत. आकडा पहिल्याच वाक्यात सांगून टाकलेला बरा, कारण लपवला की लोक आपल्या मनाने आणखी कमी धरतात. या त्रेचाळिसांत एक मी स्वतः, एक माझी बायको अनघा, आणि एक आमच्या सोसायटीतला संदेश, जो वाचत नाही पण खाली न चुकता 'छान' लिहितो. ब्लॉगचं नाव 'येता-जाता'. तळेगावच्या एका कारखान्यात मी गुणवत्ता विभागात आहे. दिवसभर बेअरिंगं मोजून घरी आल्यावर माणसाला मोजता न येणाऱ्या कुठल्या तरी गोष्टीवर मत द्यावंसं वाटतं. म्हणून मी क्रिकेटवर लिहितो, राजकारणावर लिहितो, गाण्यांवर लिहितो, आणि यातलं काहीच सुचलं नाही तर इंटरनेटवर काय सापडलं ते लिहितो. अनघा म्हणते, चारही विषयांवर तुझं मत एकच असतं. पूर्वी बरं होतं.

त्या दिवशी मला लग्नातल्या बँडवर लिहायचं होतं. हल्ली वरातीत छाती हादरते पण कानाला काही लागत नाही, असं एक वाक्य मला सुचलं होतं आणि ते वाया जाऊ नये म्हणून पूर्ण लेख लिहिणं भाग होतं. जुन्या बँडचा एखादा नमुना मिळावा म्हणून मी यूट्यूबवर शोधत बसलो. चिंचवडच्या कुणीतरी जुन्या लग्नांच्या व्हिडिओ कॅसेटी तिथे चढवायला घेतल्या होत्या. त्यात एक दिसली : 'श्रीपतीचे लग्न, उंबरवाडी, १९८९, भाग ३'.

बँड चांगला होता. क्लॅरिनेटवाल्याचे गाल बघण्यासारखे होते. पण आठव्या मिनिटाला वरात संपली. कॅसेट मात्र शिल्लक होती, आणि शूटिंगवाला हिशेबी माणूस असावा. तो कॅमेरा घेऊन शाळेच्या मैदानावर गेला, तिथे कबड्डीचा सामना चालला होता. मी बंद करणार, तेवढ्यात कर्ण्यातून आवाज आला, "आता शेवटच्या चढाईला उंबरवाडीचा दत्तोबा." पडद्यावर एक सडपातळ, भरपूर केसांचा तरुण उठला. त्याने डाव्या हाताने मांडी ठोकली.

ही मांडी मी ओळखतो. गेली अकरा वर्षं दर दिवाळीनंतर ती आमच्या हॉलमध्ये ठोकली जाते.

दत्तोबा म्हणजे आमचे तांदूळवाले. कामशेतच्या पुढे पवनेच्या बाजूला उंबरवाडी आहे, तिथे त्यांची भातशेती आहे. वर्षाचा इंद्रायणी तांदूळ ते स्वतः आणून देतात. पोतं उतरवलं की खुर्चीवर बसतात, चहा घेतात आणि सामना सांगतात. साबळेवाडीशी अंतिम सामना, शेवटचं मिनिट, उंबरवाडी दोन गुणांनी मागे, आणि दत्तोबा चढाईला. एक गडी हाताने, दुसरा पायाने, तिसरा परतताना पाठीमागून आला तो असा. इथे मांडी. ढाल उंबरवाडीला. अनघाला हे इतकं पाठ आहे की स्वयंपाकघरातून कांदा चिरता चिरता ती "दुसरा गडी" असं म्हणते. सोसायटीतल्या लोकांचा मात्र विश्वास बसत नाही. संदेश तर तोंडावर विचारतो, "पुरावा काय?" मग दत्तोबा शांतपणे कप खाली ठेवतात आणि म्हणतात, "ढाल हाय की शाळंच्या कपाटात." आणि ते जरा लवकर निघून जातात. मला ते बघवत नाही.

आणि आता पुरावा माझ्या हातात होता. दत्तोबा मध्यरेषेला पाय लावून आत शिरले आणि भाग ३ तिथेच संपला. अर्धवट नमुना पास करू नये, हे मी कारखान्यात नव्या पोरांना शिकवतो. पण माणसाने घरी कारखाना आणू नये.

रविवारी स्कूटरवरून उंबरवाडीला गेलो. दत्तोबांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. काळा चष्मा लावून ओट्यावर बसले होते. मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो आधी लांब धरला, मग नाकाला लावला, मग उलटा करून मागून पाहिला.

"यात मी कुटं हाय?"

"हे काय, मधे उभे आहात."

"ही माशी न्हाई व्हय?" त्यांनी बोटाने काच पुसली. मला हिरमुसलेलं पाहून म्हणाले, "झ्याक हाय, भाऊ. पर जरा मोट्या पडद्यावर दावा."

मी म्हटलं, पुढच्या रविवारी आमच्याकडे या. आमचा टीव्ही त्रेचाळीस इंची आहे, म्हणजे दर वाचकामागे एक इंच. दत्तोबांनी विचारलं, चार माणसं आणली तर चालतील का. मी म्हटलं, चालतील. बुधवारी त्यांचा फोन आला, "भाऊ, टेम्पोच करतोय. आन साबळेवाडीचा हौशीराम बी येनार हाय. छत्तीस वर्सं सांगत फिरतोय, दत्तोबाला मी कमरंत धरून आपटला म्हनून. त्याला पयल्या रांगंत बसवायचा."

आमच्या हॉलमध्ये पहिली रांग हाच एक सोफा आहे. त्याच्या मागे लगेच भिंत लागते. अनघाने मला फक्त एवढंच विचारलं, "टेम्पोतली माणसं बसवायची कुठे आणि टेम्पो लावायचा कुठे?"

संदेशकडे गेलो. तो रेल्वेत आहे, त्यामुळे त्याचा गाडीपेक्षा कागदावर जास्त विश्वास. तो म्हणाला, "गावातच करा. पण रीतसर परवानगी काढा. जिल्हा परिषदेची निवडणूक लागलीय. आचारसंहितेत चार माणसं एका दिशेला तोंड करून बसली तरी सभा होते." ते मला पटलं. संदेशचा सल्ला ऐकताना नेहमी पटतो. तो अंगाशी येतो तेव्हा संदेश ड्यूटीवर असतो.

ग्रामसेवक म्हणाले, मैदान नको, कुणीतरी उमेदवार हात जोडत येईल आणि मी अडकेन. शाळेचा हॉल घ्या. शाळेच्या मुख्याध्यापिका सविता मॅडम म्हणाल्या, हॉल आनंदाने देते, पण तालुक्याहून कागद आणा. तालुक्याच्या कचेरीत एका टेबलावर एक थकलेले गृहस्थ संगणकापुढे बसले होते.

"कार्यक्रमाचं स्वरूप?"

"कबड्डीचा सामना."

"कधी आहे?"

"झाला. एकोणीसशे एकोणनव्वद साली."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग आता परवानगी कशाची हवीय?"

"बघायची."

ते माझ्यावर रागावले नाहीत, हे मला आजही आठवतं. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवून दाखवला. यादीत प्रचारसभा होती, मिरवणूक होती, धार्मिक होतं, लग्नकार्य होतं आणि 'इतर' होतं. त्यांनी 'इतर' दाबलं, तर यंत्राने पक्षाचं नाव विचारलं. मी म्हटलं, "उंबरवाडी." यंत्राने चिन्ह विचारलं. गृहस्थांनी कळफलकावरून हात उचलले.

"कॅसेट मुळात कशाची म्हणालात?"

"लग्नाची."

"मग लग्नच टाकू. वराचं नाव?"

"श्रीपती."

"वधू?"

मी बाहेर जाऊन दत्तोबांना फोन केला आणि श्रीपतींच्या बायकोचं नाव विचारून आलो. अशा रीतीने चिरंजीव श्रीपती आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी अंबूबाई यांचं लग्न, त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या रविवारी दुपारी चार ते सहा, शाळेच्या हॉलमध्ये, डीजेशिवाय, असा शिक्क्याचा कागद मला मिळाला. श्रीपती आता चार नातवंडांचे आजोबा आहेत. कागद वाचून ते कामशेतला गेले आणि नवा शर्ट घेऊन आले. अंबूबाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "परत हेच व्हय?"

प्रोजेक्टरसाठी लोणावळ्याचा विक्की साउंड ठरवला. विक्की पन्नाशीचा आहे, पण विकास नावाने त्याला कुणी ओळखत नाही. भुशीच्या बाजूच्या बंगल्यांवर कंपन्यांच्या पार्ट्यांना तो पडदे आणि भोंगे पुरवतो. "कबड्डी कधी लावली नाही, साहेब," तो म्हणाला, "पण लावू." सविता मॅडमनी मुलांकडून स्वागतगीत बसवून घ्यायला सुरुवात केली. मी भाषण लिहिलं. विषय, 'खेळ, राजकारण आणि संगीत : एक धागा'. तीन पानं झाली.

कार्यक्रमाच्या आधल्या गुरुवारी संध्याकाळी ब्लॉगवर त्याची बातमी टाकावी म्हणून ते चॅनेल पुन्हा उघडलं. तर तिथे नवीन भर पडली होती. 'श्रीपतीचे लग्न, भाग ४, सत्यनारायण'. सहज लावून पाहिलं. पूजेच्या आधी दीड मिनिट सामना होता.

दत्तोबा आत शिरले. डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले. त्यांनी पुन्हा एकदा मांडी ठोकली, आणि सुट्या मुरमावरून त्यांचा पाय सटकला. ते बसल्या बसल्या घसरत बाजूची रेषा ओलांडून बाहेर गेले. त्यांना कुणी धरलं नाही. त्यांनी कुणाला शिवलं नाही. साबळेवाडीचे गडी जागच्या जागी उभे होते. शिट्टी वाजली. फळ्यावरचे गुणही दिसत होते. उंबरवाडी आधीच पाच गुणांनी पुढे होती.

मी ते अकरा वेळा पाहिलं. दत्तोबा पडले की मागे न्यायचो आणि पुन्हा लावायचो, जणू एखाद्या वेळी तरी ते पडणार नाहीत. माझ्या ब्लॉगवर मी मोठमोठ्या लोकांना खोटं पाडलं आहे, पण ते कुणालाच कळलेलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा पक्का पुरावा हातात आला, तोही आमच्या तांदूळवाल्याविरुद्ध.

अनघा मागे उभी राहून बघत होती. तिने हळूच विचारलं, "त्यांना माहीत असेल का रे हे?"

"नसणार. नाहीतर हौशीरामला पहिल्या रांगेत कशाला बसवतील?"

"म्हणजे सांगून सांगून त्यांना तेच खरं वाटायला लागलंय." ती खुर्चीवर बसली. "ते मोडू नकोस सुहास. काहीतरी कर."

शुक्रवारी मी कार्यक्रम रद्द करायला निघालो. परवानगी काढताना मला वाटलं होतं, सरकारात याहून कठीण काही नसेल. पण दिलेली परवानगी परत घेणं त्याहून कठीण निघालं. कचेरीतले गृहस्थ फोनवर म्हणाले, "लग्न रद्द करायचं तर वधू-वरांची लेखी संमती लागेल." श्रीपतींना विचारलं, तर ते म्हणाले, "शर्टाची घडी मोडली, भाऊ." सविता मॅडम म्हणाल्या, पोरं चार दिवस झाले 'या हो पाहुणे' गातायत, त्यांना काय सांगू. विक्कीने या कार्यक्रमासाठी भुशीची एक पार्टी सोडली होती. संदेश ड्यूटीवर होता.

शेवटी शनिवारी सकाळी खरं काय ते सांगावं म्हणून उंबरवाडी गाठली. दत्तोबा घरी नव्हते. कटिंग करायला आणि केस काळे करायला कामशेतला गेले होते. ओट्यावर त्यांच्या मिसेस, चंपामावशी, सुपात तांदूळ पाखडत बसल्या होत्या. अकरा वर्षांत मी त्यांच्याशी चार वाक्यं बोललो असेन. मी समोर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. घसरले, बाहेर गेले, कुणी शिवलं नाही, सगळं.

सूप थांबलं नाही.

"पडल्यावर फुडं काय हाय?" त्यांनी विचारलं.

"पूजा आहे."

"लगीच पूजा?"

"मधलं मी पाहिलं नाही, मावशी. पडले की मी मागे न्यायचो."

"मग लावा तुमी."

"अहो, हौशीराम येणारेत. सगळं गाव असेल. त्यांना किती वाईट वाटेल."

आता सूप थांबलं. चंपामावशींनी एक खडा वेचून अंगणात टाकला. "भाऊ, च्या पिऊन जावा. आन त्यास्नी काय बी सांगू नगासा."

मला काही उमगलं नाही. चहा पिऊन परत आलो. वाटेत मी एक युक्ती काढली आणि विक्कीला फोनवर समजावली. फक्त भाग ३ लावायचा. दत्तोबा आत शिरले की तो संपतो. मग इंटरनेट गेलं म्हणायचं आणि लगेच गाणी लावायची. पुढचं लोक दत्तोबांच्या तोंडून ऐकतील, जसं छत्तीस वर्षं ऐकत आलेत. विक्की म्हणाला, "एकदम सोपं आहे." ही तीन शब्दांची धोक्याची सूचना मी कारखान्यात लगेच ओळखतो.

रविवारी चार वाजता हॉल भरला. अंधार व्हावा म्हणून खिडक्यांना घोंगड्या लावल्या होत्या. पडदा म्हणून विक्कीने एक जुना फ्लेक्स पांढरी बाजू पुढे करून टांगला होता. पण त्याच्या मागच्या खिडकीला घोंगडी कमी पडली. तिथून ऊन आलं, आणि पांढऱ्या पडद्यातून हळूहळू एका नेत्याचा हसरा चेहरा आणि जोडलेले हात उमटायला लागले. नेमकं तेव्हाच आचारसंहितेचं पथक दारात आलं. दोन माणसं आणि एक कॅमेरा.

"हा प्रचार आहे का?"

"लग्न आहे," मी म्हटलं आणि कागद पुढे केला.

"वधू-वर कुठायत?"

तिसऱ्या रांगेतून श्रीपती आणि अंबूबाई उठून उभे राहिले. श्रीपतींनी शर्टाची कॉलर सारखी केली. पथकाने त्यांचं रीतसर शूटिंग केलं. कुणीतरी अंगावरची शाल काढून मागच्या खिडकीला लावली, नेता मावळला, आणि पथकातला एक जण कबड्डीचा शौकीन निघाल्यामुळे पथकही बसलं.

स्वागतगीत झालं. सविता मॅडमनी माझी ओळख 'यूट्यूबचे साहेब' अशी करून दिली, हातात नारळ दिला आणि मी खिशातून भाषण काढायच्या आत "बसा" म्हणाल्या. तीन पानं आणि एक नारळ मांडीवर घेऊन मी बसलो. शेजारी अनघा होती. ती दुसरीकडे बघत होती, पण तिचे खांदे हलत होते.

पहिल्या रांगेत काळेभोर केस केलेले दत्तोबा आणि त्यांच्या शेजारी हौशीराम. हौशीराम आता चांगले आडवे झालेत आणि काठी घेऊन चालतात. दोघांनी एकाच डबीतला तंबाखू मळला आणि एकमेकांकडे न बघता तोंडात टाकला.

भाग ३ सुरू झाला. क्लॅरिनेट वाजायला लागलं आणि हॉल बोलायला लागला. "त्यो बग आबा." "धोंडाबाई हाय ती, फुगडी घालती." "आरं, हा तर आपला बापू. किती बारीक हुता." यातली बरीच माणसं आता नाहीत, हे मला त्या आवाजांवरूनच कळत होतं. आधी नाव मोठ्याने यायचं आणि मग जरा शांतता व्हायची. श्रीपतींच्या गळ्यात हार पडला तेव्हा अंबूबाई कुणाला तरी म्हणाल्या, "बगा, तवाबी आसंच तोंड हुतं."

मग मैदान आलं. कॅमेरा बाहेर बसलेल्या बाद गड्यांवरून फिरला. त्यांच्यात चणे खात बसलेला एक धिप्पाड तरुण होता. मागून कुणीतरी म्हणालं, "हौशीराम तर बाहीर बसलाय की."

हौशीराम खाकरले. "त्यो माजा भाऊ आसंल."

"तुला भाऊ कुटं हाय?" दत्तोबा म्हणाले.

हॉलमध्ये हसू उसळलं. दत्तोबा तर इतके खुलले की मला त्यांच्याकडे बघवेना. कमरेत धरून आपटणारा माणूस आधीच बाद होऊन चणे खात होता. छत्तीस वर्षांचा दावा निकालात निघाला होता. पडद्यावर दत्तोबांनी मांडी ठोकली, पहिल्या रांगेतही दत्तोबांनी मांडी ठोकली, आणि भाग ३ संपला.

मी विक्कीकडे पाहिलं. विक्कीच्या खुर्चीवर विक्की नव्हता. सोपं काम म्हणून तो चहा प्यायला गेला होता. पडद्यावर अक्षरं आली, 'पुढचा व्हिडिओ लवकरच', आणि खाली आकडे. शाळेच्या पोरांना आकडे दिसले की गप्प बसवत नाही. ती एका सुरात ओरडायला लागली, "पाच, चार, तीन." मी नारळ टाकून लॅपटॉपकडे धावलो. नारळ माझ्याआधी पोचला, मी त्याच्यावर पाय दिला, आणि 'एक' झालं तेव्हा मी विक्कीच्या भोंग्याला मिठी मारून उभा होतो.

भाग ४ लागला. दत्तोबा डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले, मांडी ठोकली, घसरले आणि बाहेर गेले.

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. पडद्यावर मात्र सगळं मैदान हसत होतं, आणि शांत हॉलमध्ये ते जुनं हसू फार मोठं वाटत होतं. दत्तोबा पुढे वाकून बघत होते. हौशीरामनी टोपी काढली आणि तिच्या आत काहीतरी शोधत बसले. हसायची छत्तीस वर्षांत एकदाच मिळालेली संधी त्यांनी घेतली नाही. मला लॅपटॉपचं कुठलंही बटण सापडत नव्हतं. खरं सांगायचं तर मला काही दिसतच नव्हतं.

शूटिंगवाल्याने कॅमेरा लोकांकडे वळवला. हसणारे पुरुष, तोंडाला पदर लावून हसणाऱ्या बायका, आणि त्यांच्या शेवटी शाळेच्या कट्ट्यावर एकटीच उभी राहिलेली पोपटी लुगड्यातली एक मुलगी. वीस वर्षांची असेल. ती हसत नव्हती. ती टाळ्या वाजवत होती. जोरजोरात, हात वर करून, जसं काही तीन गडी मारून कुणी परत आलंय. मग एकदम पूजेचा चौरंग आला.

"ही कोन?" दत्तोबांनी चष्मा कपाळावर नेऊन परत खाली आणला.

बायकांच्या बाजूने उत्तर आलं, "मी."

दत्तोबा वळले. "तू तर त्या दिशी म्हायेराला गेलतीस."

"निगाले हुते. यष्टी चुकली."

"चुकली का चुकवली?"

"चुकवली," चंपामावशी म्हणाल्या. "लगीन हून तीन म्हैने झाले हुते. म्हनलं, बगावं तरी."

"म्हंजी मी पडलेलं तुला ठावं हुतं."

"व्हय."

"आन मी समद्यास्नी सांगायचो तवा?"

"च्या करत आसायचे की मी."

दत्तोबांनी चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाले, "छत्तीस वर्सं बोलली न्हाईस."

चंपामावशींनी पदर सारखा केला. सगळा हॉल ऐकतोय हे त्यांना कळत होतं, आणि त्यांनी आवाज वाढवला नाही की कमी केला नाही. "तुमी सांगायचा लय झ्याक," त्या म्हणाल्या. "मला बी वाटायचं, आसंच झालं आसंल. आन टाळ्या तर मी वाजवल्याच हुत्या. पडला तरी."

पथकाने कॅमेरा केव्हाच खाली ठेवला होता. अनघा नाक पुसत होती. दत्तोबांनी एकदा आपल्या पायांकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "भाऊ, तेवढं मागं घ्या."

मी मागे नेलं. ते पुन्हा घसरले.

"हितं न्हाई. फुडं. टाळ्यापाशी."

टाळ्यांपाशी नेलं. एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. चौथ्यांदा चंपामावशी म्हणाल्या, "बास की आता, मानसं बसल्याती," तेव्हा ते "ऱ्हाऊ द्या" म्हणाले.

नंतर बाहेर चहा झाला. घोंगड्या काढल्या आणि हॉलमध्ये ऊन आलं. विक्की माझी माफी मागून गेला आणि पुन्हा येऊन, पुढच्या वर्षी पण आम्हीच करू, असं सांगून गेला. संदेश ड्यूटीवरून थेट आला होता आणि त्याने दाराशी उभं राहून सगळं पाहिलं होतं. तो दत्तोबांसमोर कप घेऊन उभा होता, पण 'पुरावा' हा शब्द काही त्याच्या तोंडून आला नाही. दत्तोबा पायरीवर बसले होते. कामशेतहून आल्यापासून पहिल्यांदाच ते थोडे म्हातारे दिसत होते. शाळेतली पोरं त्यांच्याभोवती गोळा झाली आणि एका मुलीने सरळ विचारलं, "आजोबा, तुम्ही पडलात कसे?"

दत्तोबांनी एक घोट घेतला. कप खाली ठेवला.

"पडलो म्हंजी," ते म्हणाले, "तितं खड्डा हुता."

"हुता," शेजारून हौशीराम म्हणाले. "मी बाहीर बसलो हुतो ना, मला साफ दिसत हुता. गुडघ्याएवढा."

"गुडघ्याएवढा कुटला? कमरंएवढा. त्यात पाय गेला. दुसरा आसता तर मोडून बसला आसता. मी काय केलं, तसाच भायेर उडी मारली." इथे त्यांनी मांडी ठोकली. पोरं पुढे सरकली.

"पण व्हिडिओत तर खड्डा दिसला नाही," संदेश म्हणाला.

हौशीरामनी त्याच्याकडे दयेने पाहिलं. "खड्डा क्यामेऱ्यात येत न्हाई."

पोरांनी एकदा दत्तोबांकडे पाहिलं, एकदा हौशीरामकडे, आणि मग सगळी मिळून चंपामावशींकडे बघायला लागली. मावशी किटली घेऊन त्याच बाजूला येत होत्या. त्यांनी दत्तोबांचा कप भरला, हौशीरामचा भरला, संदेशचा भरला.

"हुता की खड्डा," त्या म्हणाल्या. "मी हुते ना तितं."